मागच्या दाराची वीट

लग्न झाल्यापासून सात वर्षं मी या घरात एकच गोष्ट मागत होते: मला लावून घेता येईल असं एक दार. घरात दारं नव्हती असं नाही. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा चांगली सागवानी दारं करवून घेतली होती, पितळी कड्या लावून. पण मार्च संपता संपता हॉलच्या खिडकीत कूलर बसला की ती सगळी दारं तीन महिन्यांच्या रजेवर जायची. उन्हाळाभर आमच्या घरात न्हाणीघर सोडून कुठलंही दार लागत नसे, आणि न्हाणीघरातही मी जरा जास्त वेळ बसले की बाहेरून विचारणा व्हायची.

ज्यांच्या गावी कूलर लागत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते. आमचा नागपूरचा कूलर म्हणजे लोखंडाची भलीमोठी पेटी. तिला तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप, आणि चौथ्या बाजूला खोलीकडे तोंड करून पंखा. पंप ताट्या भिजवतो, पंखा त्यांतून हवा ओढतो आणि खोलीत फेकतो. त्याची अट एकच. जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर गेली पाहिजे. दारं लावून कूलर चालवाल तर अर्ध्या तासात उशा ओलसर होतात, पापड मऊ पडतात आणि माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. म्हणून आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार दिवसभर सताड उघडं असे, आणि ते आपटू नये म्हणून त्याला एक वीट लावलेली असे. घर बांधताना उरलेली वीट. पायाला लागू नये म्हणून सासूबाईंनी तिला जुन्या परकराचा अभ्रा शिवला होता आणि दर उन्हाळ्यात तो बदलायच्या. माझ्या उशीला मात्र तीन वर्षं तोच अभ्रा होता, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

कूलरचा कारभार सासऱ्यांकडे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना धरणांचं पाणी सांभाळलं, आता टाकीचं. सकाळी बोट बुडवून पातळी बघायची, दुपारी पुन्हा बघायची, आणि "आज बाष्पीभवन जास्त हाय" असं आम्हाला कळवायचं. आम्ही "हो का" म्हणायचो.

दुपारी एकला जेवणं आटोपली की हॉलमध्ये गाद्या पडायच्या. झोपायची रांग ठरलेली. भिंतीकडे सासरे. मग सासूबाई. मग माझी मुलगी. मग मी. आणि रविवार असेल तर सर्वांत शेवटी, मागच्या दाराकडे पाय करून, नवरा. इतर दिवशी तो ऑफिसात असायचा आणि तिथे एसी होता, त्यामुळे कूलरविषयी तो फार प्रेमाने बोलायचा.

पंख्याचा आवाज एवढा, की साधं "पाणी दे" म्हणायचं तरी ओरडावं लागे. कूलर सुरू असताना आमच्या घरात कुणी कुणाला गुपित सांगितल्याचं मला आठवत नाही. सासूबाई माझी तक्रार सासऱ्यांच्या कानात करायच्या आणि मी चौथ्या गादीवरून तिला उत्तर द्यायचे. भांडणं तिथेच व्हायची, तिथेच मिटायची, कारण कुणीतरी भांडता भांडता घोरायला लागायचं.

माझी मुलगी या आवाजात आणि या रांगेत वाढली. तीन वर्षांची असताना कुणी तिला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" तर ती डोळे मिटून भिंतीकडून सुरुवात करायची. "आबा, आजी, मी, आई." मग जरा थांबून, "रविवारी पप्पा." नवऱ्याला हे फार लागायचं. त्याने एकदा तिला समजावलं की पप्पा रोजच घरचे असतात, आणि तिने ते ऐकून घेतलं, पण यादी बदलली नाही. माझा भाऊ दोन दुपारी त्या रांगेत झोपून गेला, तर तोही दोन दिवसांपुरता घरचा झाला. सासऱ्यांचे सख्खे मोठे भाऊ मात्र खुर्चीवर बसून चहा घेऊन गेले म्हणून पाहुणे ठरले.

घराबद्दलही तिचा एकच नियम होता, आणि तो तिला आबांनी शिकवला होता: दार लावलं की हवा कोंडते. ती कुणाकडेही गेली की आधी मागचं दार शोधून उघडायची. आमच्या समोरच्या काकूंकडे एसी होता. तिथे तिने एका दुपारी तीन वेळा दार उघडलं, तेव्हा काकू तिला हाताला धरून आमच्याकडे सोडून गेल्या आणि म्हणाल्या, "हे घ्या तुमची पोट्टी. आमचा सारा उन्हाळा घरात घेऊन राहिली."

तर अशा घरात मला दार हवं होतं.

निमित्त मिळालं ते नोकरीचं. मिहानमधल्या एका कंपनीत मी काम करते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी पहिल्याच दिवशी हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. मीटिंगमध्ये पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही विमानतळावर आहात का? आपण नंतर बोलू." मागून सासूबाई ओरडल्या, "कोण आहे वं? जेवला का म्हणा तो?" ते मात्र त्याला स्वच्छ ऐकू गेलं. तो म्हणाला, जेवलो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मला माझ्या खोलीत एसी आणि लागणारं दार, दोन्ही हवं. तो सासूबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "लावा ना. मले काही नाही पाहिजे. माहं काय, मी पडीन इकडेच." हे वाक्य त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्या सुरामुळे दुसऱ्या दिवशी घरात दोन एसी आले. एक आमच्या खोलीत, एक त्यांच्या.

कूलर खिडकीतून निघाला. अंगणाच्या बाजूला गच्चीवर जाणारा जिना आहे, त्याच्याखाली सावलीत तो नेऊन ठेवला. सासऱ्यांनी त्याचा पंखा आणि मोटर काढून घेतली, तेल दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या लोखंडी कपाटात घराच्या कागदपत्रांशेजारी ठेवली. जुन्या ताट्या फेकून दिल्या. वीटही जिन्याखाली गेली, अभ्र्यासकट. मी मात्र खोलीत गेले, दार लावलं, कडी घातली, आणि पलंगावर आडवी पडले. कुणाचं घोरणं नाही, कुणाचं बाष्पीभवन नाही. मला इतका आनंद झाला की झोपच येईना.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, केजी टूची परीक्षा देऊन घरी बसलेली. पहिल्या दिवशी ती हॉलमध्ये गाद्या पडायची वाट बघत उभी राहिली. मग माझ्या खोलीत आली. मी तिला जवळ घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "झोप बाळा." तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आई, तू रुसली का?"

"नाही गं."

"मग हळू काहून बोलून राहिली?"

मी तिला सांगितलं की आता ओरडायची गरज नाही. तिला ते पटलं नाही. ती उठून आजीकडे गेली. तिथे आजीही हळू बोलत होत्या. ती परत आली आणि म्हणाली, "आजी पण रुसली." जाता-येता तिने दोन्ही दारं उघडी टाकली होती. दोन्ही खोल्यांतून एकदम हाक आली, "दार लाव!" जन्मापासून जे करू नको म्हणून सांगितलं तेच आता सगळे कर म्हणून ओरडत होते. ती हॉलच्या मधोमध उभी राहून एकदा या दाराकडे आणि एकदा त्या दाराकडे बघत राहिली.

मुलं फार दिवस गोंधळात राहत नाहीत, आपली आपण व्यवस्था लावून घेतात. चार-पाच दिवसांत तिने लावली. आमच्या घराची आता तीन घरं झाली आहेत असं तिने ठरवलं. एक आईचं, एक आजी-आबांचं आणि हॉल कोणाचाच नाही. मग घरांना जसं वागवायचं तसं ती त्यांना वागवायला लागली. मुख्य दारापाशी असलेल्या सगळ्यांच्या चपला तिने उचलल्या आणि ज्याच्या त्याच्या दारापुढे नेऊन ठेवल्या. माझ्या खोलीपुढे माझ्या आणि नवऱ्याच्या, त्यांच्या खोलीपुढे त्यांच्या. आम्ही चपला परत नेऊन ठेवायचो, संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा खोल्यांपुढे यायच्या. शेवटी आम्हीच कंटाळलो आणि तिथूनच घालायला लागलो. तिच्या स्वतःच्या गुलाबी चपला कुठे ठेवायच्या हे तिचं ठरत नव्हतं. ती त्या पिशवीत घालून बरोबर घेऊन फिरायची.

दारावर टकटक करायची, आत यायची, पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखी बसायची. आजीकडून निघताना म्हणायची, "येते मग मी." आजी गमतीने तिला कुंकू लावायच्या. दिवसातून सहा-सात वेळा जाणं-येणं असल्याने तिचं कपाळ संध्याकाळपर्यंत लालभडक व्हायचं. आम्ही हसायचो. खरंच सांगते, आम्ही सगळे पोट धरून हसायचो, व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचो. एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की ही मुलगी खेळत नाहीये.

मग एका सकाळी समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. मी मीटिंगमध्ये होते, दार लावून. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. काकूंनी हॉलमध्ये उभं राहून दोन्ही खोल्यांपुढच्या चपला पाहिल्या आणि माझ्या मुलीला विचारलं, "काहून वं, चपला इथं?"

मुलीने त्यांना घर दाखवलं. "हे आईचं घर आहे. ते आजी-आबाचं. इथं कोणीच नाही राहत."

"कवापासून?"

"एसी आला तवापासून."

"आन् तू कुठं राहते?"

"मी जाऊन येऊन असते."

काकूंना गलबलून आलं. त्या विरजण विसरून घरी गेल्या आणि पन्ह्याचा तांब्या घेऊन परत आल्या. सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्या इथंही असंच झालं होतं बाई. आजकालच्या पोरी. नोकरी लागली का यायले चूल वेगळी पाहिजे." सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की असं काही नाही. पण इतक्या वर्षांत एवढी सहानुभूती त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी पदराने डोळे पुसले, पन्हं प्यायल्या आणि "चालाचंच" एवढंच म्हणाल्या. मी मीटिंग संपवून बाहेर आले तर काकूंनी मला अशा नजरेने पाहिलं की मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून आत गेले.

दोन दिवसांत गल्लीभर झालं की अमक्यांची सून वेगळी निघाली, आणि तीही त्याच घरात. माझ्या आईचा माहेराहून फोन आला. "भांडण झालं का?" मी चिडले. सासूबाईंवर चिडले, काकूंवर चिडले, नवऱ्यावर तर सवयीनेच चिडले. पण सगळ्यांत जास्त चिडले ते मुलीवर. सात वर्षांनी एक दार मिळालं होतं आणि ही चिमुरडी मला ते सुखाने लावू देत नव्हती.

तो रविवार नवतप्यातला होता. मे संपतानाचे ते नऊ दिवस, ज्यांत आमच्याकडे कावळासुद्धा दुपारी आवाज काढत नाही. जेवायला आमरस होता. सगळ्यांनी अंमळ जास्तच घेतला आणि दीडच्या सुमाराला दोन्ही खोल्यांची दारं लागली. चौघं मोठी माणसं घरात, दोन-दोन वाटून. आणि मुलगी नेहमीप्रमाणे जाऊन येऊन.

ती आली, बसली, गेली, दार उघडं. मी उठून लावलं. ती परत आली, "आई, आबांना झोप आली" असं सांगून गेली, दार उघडं. पुन्हा आली. नवरा घोरत होता. माझे डोळे मिटत होते. मी पलंगावर उठून बसले आणि तिच्यावर ओरडले, "एक तर आत ये, नाहीतर बाहेर जा! पण दार लाव!"

तिने जरा विचार केला. मग ती बाहेर गेली आणि दार लावलं. इतकं हळू, इतकं नीट लावलं की कडीचा आवाजही झाला नाही. मला वाटलं, शिकली एकदाची. आणि मी गाढ झोपले. त्या दोन तासांची झोप माझ्या लग्नानंतरची सर्वांत चांगली झोप होती, हे मला आजही कबूल करावं लागतं.

चारला दारावर थाप पडली. सासरे कधी आमच्या दारावर थाप मारत नसत. मी दार उघडलं.

"माही चप्पल कोणं नेली?" ते म्हणाले. चारला ते टपरीवर चहाला जातात.

"तिनेच कुठे ठेवली असेल. विचारा तिला."

"मंग विचार ना. तुह्याजवळच हाय ना ते."

"नाही. तुमच्याकडे आहे ती."

सासूबाई त्यांच्या मागून आल्या. "आमच्याकडं? मी तं समजली का तुह्यापाशी झोपली!"

आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. नवरा उठून आला. मी हॉल पाहिला, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. स्वयंपाकघरात गेले तर मागच्या दाराची खालची कडी काढलेली होती. वरची लावायची मी विसरले होते.

बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन होतं.

आम्ही बाहेर धावलो, आणि तेव्हा कळलं की चपला फक्त सासऱ्यांच्या गेलेल्या नाहीत. कुणाच्याच नव्हत्या. कपाटातले नवऱ्याचे ऑफिसचे बूट त्या घाईत कुणालाच आठवले नाहीत, आणि दुसरी एकही वहाण घरात दिसेना. अंगणात शहाबादी फरशी, तिच्यावर सकाळपासूनचं ऊन. सासूबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत फाटकाकडे गेल्या. नवऱ्याने आत जाऊन हिवाळ्यातले लोकरीचे मोजे चढवले आणि तो रस्त्यावर पळाला. सासऱ्यांना माळ्यावरून त्यांचे साइटवरचे गमबूट सापडले, तेही दोन्ही एकाच पायाचे निघाले, पण त्यांनी घातले. मी अनवाणीच चौकापर्यंत जाऊन आले. रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं असं नंतर लोकांनी सांगितलं. मला काही जाणवलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते माझंच होतं. नाहीतर बाहेर जा.

समोरच्या काकू गॅलरीत आल्या. "काय झालं वं?"

"पोट्टी सापडून नाही राहिली!" सासूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज कूलरच्या दिवसांतला होता. पार चौकापर्यंत जाणारा. मीही ओरडायला लागले. सासरे ओरडले, नवरा कोपऱ्यावरून ओरडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आमचं सगळं घर एकदम, एका वेळी, जुन्या आवाजात ओरडत होतं.

आणि जिन्याखालून उत्तर आलं. "आम्ही इथं आहोत!"

मी जिन्याकडे पळाले. कूलरच्या पेटीवर सासूबाईंची जुनी चादर टाकलेली होती. ती ओढली. पंखा नसलेल्या, ताट्या नसलेल्या त्या लोखंडी पेटीत माझी मुलगी बसली होती. तोंड टोमॅटोसारखं लाल, केस घामाने कपाळाला चिकटलेले, हातात शाळेची पाण्याची बाटली. आणि तिच्यापुढे, कोरड्या टाकीच्या तळाला, चपलांची रांग लावलेली. भिंतीकडे आबांच्या. मग आजीच्या. मग तिच्या गुलाबी. मग माझ्या. आणि शेवटी पप्पांच्या, कारण रविवार होता.

मी हात उगारला होता. तो कधी खाली आला ते मला कळलं नाही. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि तिथेच मातीत बसून रडले. ती माझ्या खांद्यावरून आबांकडे बघून म्हणाली, "आबा, पंखा लावा ना. किती वेळ झाला मी हवेची वाट पाहून राहिली."

सासरे दोन उजव्या पायांवर उभे होते.

"इथे का बसलीस गं?" मी विचारलं. "इतक्या उन्हात? मला विचारायचं तरी."

"तूच म्हटलं ना, बाहेर जा." तिच्या आवाजात जराही राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. "आणि या घराला दारच नाही आहे. बघ ना. सगळीकडून उघडं."

तिला आत नेलं, पाणी पाजलं, ओल्या कपड्याने पुसलं, मीठ-साखर घालून लिंबूपाणी दिलं. सासूबाई तिच्या तळपायांवरून हात फिरवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तोच ओला कपडा माझ्या पायांना लावला, तेव्हा मला कळलं की माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आहेत. "चटका बसला ना," त्या म्हणाल्या. "मलेही बसला. मीही तं लावूनच झोपली होती दार." मग त्या उठून फाटकापर्यंत गेल्या आणि गॅलरीतल्या काकूंना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या इथं कोणी वेगळं नाही निंघालं! विरजण पाहिजे असंन तं न्या!"

नवरा त्याच संध्याकाळी सीताबर्डीला जाऊन नव्या ताट्या घेऊन आला. सासऱ्यांनी कपाटातून पंखा आणि मोटर काढली. इतक्या लवकर वर्तमानपत्राची गुंडाळी सुटायला नको होती असं दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते गाणं गुणगुणत होते. रात्रीच्या जेवणाआधी कूलर खिडकीत बसला आणि त्यांनी टाकीत बोट बुडवून पातळी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकला गाद्या पडल्या. सासरे, सासूबाई, मुलगी, मी. सासूबाईंनी ओरडून विचारलं की तुह्या त्या मीटिंगवाल्याने आज जेवण केलं का. मी ओरडून सांगितलं, माहीत नाही. मुलीने डोळे मिटून भिंतीकडून सगळ्यांना एकदा मोजलं. चपला मुख्य दारापाशी होत्या, पाचही जोड. त्या मी ठेवल्या नव्हत्या. पप्पा ऑफिसला बुटात गेले होते, तरी त्यांची चप्पल तिने रांगेत ठेवली होती.

पाच मिनिटांत हवा कोंडायला लागली.

"मांगचं दार लागलं वाटते!" सासरे भिंतीकडून ओरडले. "वीट कुठं हाय? काल तं मी आणून ठेवली होती तिथं!"

मी लंगडत उठले. मागचं दार वाऱ्याने लागून गेलं होतं आणि वीट तिथे नव्हती. ओट्याखाली नव्हती, जिन्याखालीही नव्हती. परत येताना माझ्या खोलीकडे नजर गेली. दार भिंतीपर्यंत मागे सरकवलेलं होतं, आणि त्याच्या पायथ्याशी, आपल्या परकराच्या अभ्र्यासकट, वीट बसवलेली होती. नीट सरळ, दाबून, दार कुणी कितीही ओढलं तरी लागू नये अशी. पाच वर्षांच्या मुलीने ती एवढी जड वीट दोन खोल्या ओलांडून कशी आणली असेल कोण जाणे.

मी खाली वाकले. मागे पाहिलं तर मुलगी गादीवर उठून बसली होती, आणि मी विटेचं काय करते ते बघत होती.

मी वीट तिथेच राहू दिली. खोलीत गेले, खुर्चीवरची लॅपटॉपची बॅग उचलली, लॅपटॉपसकट, आणि ती नेऊन मागच्या दाराला लावली.

"आली का हवा?" मी ओरडले.

"आली!" ती ओरडली, आणि आडवी झाली.